राणीच्या बागेत पिंजऱ्याबाहेर पाहताना

भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरलेली बहुतेक माणसं आधी पेंग्विनकडे वळतात, तिथून वाघाकडे, आणि दोन-तीन तासांत बाहेर पडतात. या लेखात मला सांगायचं आहे ते त्यांच्या डोक्यावर, पायाशी आणि पाठीमागच्या झुडपात काय चाललेलं असतं त्याबद्दल. कुणी आणून न ठेवलेले, आपल्या मर्जीने इथे राहणारे आणि येऊन-जाऊन असणारे प्राणी या बागेत भरपूर आहेत. भर मुंबईत, लोकलच्या आणि बागेच्या तिकिटाच्या खर्चात त्यांचे उत्तम फोटो मिळू शकतात. त्यासाठी आधी झाडांची ओळख हवी, कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं आज अधिकृत नाव असलेली ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली, ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले, एकोणिसावं शतक संपता संपता. आज इथे तीन हजारांहून जास्त झाडं आहेत आणि त्यांच्या जाती २८० च्या वर. आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती, ब्रह्मदेशातली उर्वशी अशी दूरदेशीची झाडं आपल्या वड-उंबर-बकुळीच्या शेजारी उभी आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणात ही झाडं जाऊ नयेत म्हणून मुंबईकरांनी आवाज उठवला, हे पुष्कळांना आठवत असेल. तो आवाज उठला नसता तर या लेखाला विषयच उरला नसता, असं मला मनापासून वाटतं. जुन्या झाडाला ढोली असते, वाळकी फांदी असते, अंगावर वेल आणि बांडगूळ असतं. नव्या, नेटक्या, हिरवळीच्या बागेत यांतलं काहीच नसतं, आणि म्हणून तिथे पक्षीही फारसे नसतात.

पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि झाडं पाहत चाला. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. कुठलं झाड फुलावर आहे, कुठलं फळलंय, कुणाला नवी पालवी फुटतेय, कुणावर बांडगूळ आहे, एवढंच वहीत टिपा. आठ-दहा झाडं पक्की डोक्यात बसली की पुढच्या खेपेला तुम्ही पक्ष्यांच्या मागे धावणार नाही. योग्य झाडाजवळ जाऊन उभे राहाल आणि पक्षी तिथे येतील. माझ्या मते शहरातल्या बागेत फोटो काढण्याचं सगळं तंत्र या एका सवयीत आहे.

फळलेल्या वड-पिंपळ-उंबरापासून सुरुवात करा. या झाडांची फुलं फळाच्या आतच असतात आणि त्यांचं परागीकरण माशीहूनही लहान कीटक करतात. हे कीटक फार तर एक-दोन दिवस जगतात. त्यांना कुठे ना कुठे योग्य अवस्थेतलं फळ मिळत राहावं लागतं, म्हणून एकाच जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत. आपल्याला याचा फायदा असा, की एक वड रिकामा झाला तर दुसरा भरलेला सापडण्याची शक्यता असते. तो शोधायला वर पाहण्याआधी खाली पाहा. चिरडलेली लाल फळं, जांभळट विष्ठेचे शिंतोडे आणि वरून टपटप पडणारी अर्धवट खाल्लेली फळं म्हणजे पंगत बसलेली आहे.

अशा झाडाच्या बुंध्याशी उभं राहून फोटो काढू नका. तिथून पक्ष्याचं पोट आणि मागे पांढरं फटक आकाश एवढंच मिळतं. सूर्य पाठीशी घेऊन वीस-पंचवीस पावलं मागे या, म्हणजे झाडाच्या घेराच्या खालच्या फांद्या जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतात आणि पार्श्वभूमीला दुसऱ्या झाडाची सावली मिळते. मग एखादी फळांनी लगडलेली, उजेडात असलेली फांदी निवडा आणि कॅमेरा तिच्यावरच रोखून ठेवा. तांबट, साळुंक्या, पोपट, कोकीळ, बुलबुल, हळद्या हे सगळे तिथे येतील. कोकिळेची मादी ठिपक्यांची आणि तपकिरी असते. पुष्कळ जण तिला वेगळाच पक्षी समजून सोडून देतात, पण फोटोत ती काळ्या नरापेक्षा कितीतरी सुंदर दिसते. राखी धनेशाची ओरड घारीच्या किंकाळीसारखी असते. तेव्हा घारीचा आवाज आकाशातून न येता पानांच्या आतून आला, तर तिथे दुर्बीण लावा. धनेश बहुधा जोडीने असतात आणि एकामागून एक, थोडे पंख मारत थोडे तरंगत, एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पहिला उडाला की दुसऱ्यावर लक्ष केंद्रित करून तयार राहा.

आता बांडगुळाबद्दल, कारण त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. आंब्यासारख्या जुन्या झाडाच्या फांदीवर वेगळ्याच जाड पानांचा झुबका दिसतो, तो बांडगुळाचा. ते झाडाचं पाणी आणि क्षार शोषतं, हे खरं. पण फोटो काढणाऱ्यासाठी बागेतली याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो. त्याची पिकली फळं खायला फुलटोच्या येतो, जेमतेम आठ सेंटिमीटरचा, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. फळातलं बी चिकट असतं. ते विष्ठेतून बाहेर पडतानाही चिकटच राहतं आणि पक्षी ते फांदीवर घासून टाकतो. तिथेच नवं बांडगूळ रुजतं. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे हळदीकुंकू हे फुलपाखरू. त्याची मादी बांडगुळाच्या पानांवर अंडी घालते आणि अळ्या तिथेच घोळक्याने वाढतात. म्हणजे एका झुबक्यासमोर तासभर उभं राहिलं की दोन पक्षी आणि एक फुलपाखरू मिळण्याची आशा धरता येते.

फुलटोच्या दिसण्याआधी ऐकू येतो. धारदार ‘चिक, चिक’ असा तो उडतानाही ओरडत असतो. शिंजीर सतत हलतो. त्याच्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवू नका, आणि तो फुलात चोच खुपसतो त्या क्षणाची वाट पाहा, कारण तेवढ्यापुरताच तो थांबतो. हळदीकुंकू पंख उघडून बसलं तर फार देखणं दिसत नाही. वरची बाजू पांढरी, काळ्या शिरांची. त्याचा पिवळा आणि लाल रंग पंखांच्या खालच्या बाजूला असतो, तेव्हा ते पंख मिटून बसेल तेव्हाच फोटो घ्या. एरवी ते शेंड्यावर उडतं, सकाळी मात्र फुलांसाठी खाली उतरतं.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत काटेसावर आणि पांगारा यांच्याकडे वळा. पानं गळालेली, अंगभर लाल फुलं, त्यामुळे आलेला प्रत्येक पक्षी उघड्यावर बसतो. भोरड्या, कावळे, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, खारी, सगळे तिथे हजेरी लावतात. भोरड्या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या हिवाळी पाहुण्या आहेत. मध्य आशियाच्या बाजूने येतात आणि एप्रिलच्या सुमाराला परततात. थव्यात भांडण फार असतं आणि फोटोत तेच हवं असतं. इथे मोठी अडचण आकाशाची. कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो आणि पक्षी काळा ठिक्कर पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाची जी अधिक-उणेची सोय प्रत्येक कॅमेऱ्यात असते, ती अधिक एकवर न्या, आकाश फारच उजळ असेल तर आणखी थोडी पुढे. मोबाइलमध्ये पक्ष्यावर बोट टेकवून शेजारची सूर्याची खूण वर सरकवली की हेच होतं. उलट पांढरा बगळा उन्हात उभा असेल तर उणे अर्धा ते एक करा, नाहीतर त्याच्या पिसांची रेघ न् रेघ पुसली जाते. पाणपक्ष्यांच्या आवाराच्या आसपास रातबगळे आणि वंचक दिसतात का तेही पाहा. पिंजऱ्यातल्या खाण्याचा वास मोकळ्या पक्ष्यांनाही लागतो.

उंच झाडांवर काळ्या पिशव्यांसारखी लटकलेली दिसतात ती वटवाघळं. पंख पसरले तर मीटरभराहून मोठा असा हा प्राणी दिवसाउजेडी, स्वच्छ दिसेल असा, शहरात इतक्या जवळून पाहायला मिळतो, याचं मला फार अप्रूप आहे. ती दिवसभर झोपलेली असतात हा गैरसमज आहे. जागेवरून भांडतात, अंग चाटतात, एका पायावर लटकून दुसऱ्याने खाजवतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखाने स्वतःला वारा घालतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादीच्या पोटाशी पिल्लू चिकटलेलं दिसू शकतं. फोटोसाठी इथे नेहमीचा नियम उलटा करा, सूर्य वटवाघळाच्या मागे येईल असे उभे राहा. पंखाचा पडदा उजेडात पारदर्शक होतो, बोटांची लांब हाडं आणि शिरा दिसतात. फ्लॅश मात्र कधीच नाही, आणि टाळ्या वाजवून त्यांना उडवणं तर मुळीच नाही. दिवसा उडालेल्या थव्यावर घारी-कावळे तुटून पडतात, उन्हात वटवाघळं दमून जातात. खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका.

वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं अनेक वर्षं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच वगळली गेली. लोकांच्या मनातली यादी अजून गेलेली नाही, आणि चांगल्या फोटोंचा तिथे खरोखर उपयोग होतो. गोरखचिंचेची मोठी पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्री वटवाघळांना बोलावतात. पावसाच्या तोंडावर सकाळी या झाडाखाली गळून पडलेली फुलं शोधा. एक फूल आणि वर लटकलेला थवा, असे दोन फोटो शेजारी ठेवले की नातं आपोआप कळतं. थवा बाहेर पडतो तो सूर्यास्तानंतर, म्हणजे बाग बंद झाल्यावर. तो क्षण बाहेरच्या रस्त्यावरूनच टिपावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा बागेतून निघून थोडं थांबलं की काम होतं.

फुलपाखरांसाठी फुलांपेक्षा त्यांच्या खाद्यवनस्पती ओळखा. फुलावर कुणीही येतं आणि जातं. अंडी घालायला मादी मात्र ठरावीक झाडाशीच येते आणि तिथे बराच वेळ घुटमळते. उंच अशोकावर आणि सीताफळाच्या जवळ हिरव्या ठिपक्यांचं, शेपटीवालं टेल्ड जे भिरभिरतं. रुईवर बिबळ्या कडवा. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर लिंबाळी आणि महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, म्हणजेच ब्ल्यू मॉरमॉन. कण्हेरीची पानं उलटून पाहाल तर एखादे वेळी आरशासारखा चकाकणारा, सोनेरी-चंदेरी कोष लटकलेला सापडेल. तो हबशी नावाच्या तपकिरी-काळ्या फुलपाखराचा. त्या कोषात तुमचं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडतं, म्हणून थोडं तिरकं उभं राहून फोटो घ्या. पान तोडू नका, उलटं धरूनही ठेवू नका, खाली वाकून बघा.

पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची वसाहत दिसली तर तिच्या आसपासच्या पानांवर नजर ठेवा. हुबेहूब त्या मुंगीसारखा दिसणारा एक कोळी तिथे वावरतो. पुढचे दोन पाय तो मुंगीच्या मिशांसारखे वर धरून चालतो. पाय मोजा. आठ भरले की कोळी. नराचे जबडे इतके लांब असतात की मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरलीय असं वाटतं. मोबाइलला लावायची छोटी मॅक्रो भिंगं स्वस्तात मिळतात, आणि या कोळ्यासाठी ती पुरतात. कोळी किंवा फुलपाखरू टिपताना लक्षात ठेवायची गोष्ट एकच. कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला किंवा मिटलेल्या पंखाला समांतर हवी. तसं असेल तर लेन्सचं छिद्र एफ आठवर ठेवूनही अख्खा पंख स्पष्ट येतो, तिरकं असेल तर एफ सोळाही पुरणार नाही.

पावसाळ्याच्या आधी-नंतर झुडपावर मान वर करून बसलेला, लालभडक गळ्याचा सरडा नर असतो, विणीच्या रंगात आलेला. त्याच्या उंचीवर गुडघे टेकून या. वरून काढलेल्या सरड्याच्या फोटोत फक्त सरडा असतो, समोरून काढलेल्यात त्याचा रुबाब येतो.

पक्ष्यांसाठी तीनशे ते चारशे मिलिमीटरची लेन्स पुरेशी. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग, उडत्याला हजार ते दोन हजारावा. दाट सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो सुधारता येतो, हललेल्या फोटोला उपाय नाही. फोकस नेहमी डोळ्यावर. मोठी लेन्स नसेल तर आठ पटीची साधी दुर्बीण घ्या आणि मोबाइलचा कॅमेरा तिच्या भिंगाशी टेकवून धरा. थोड्या सरावानंतर ओळख पटण्याइतका फोटो नक्की मिळतो.

उजेडाचा प्रश्न खरा आहे. पर्यटकांसाठी बाग साडेनऊच्या सुमारास उघडते आणि तोवर उन्हाळ्यातलं ऊन कडक झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत दहापर्यंत ऊन तिरपं असतं, ते दिवस उंच फांद्यांवरच्या पक्ष्यांना द्या. मार्चनंतर दुपारी सावलीतले विषय धरा, वटवाघळं, कोळी, ढोलीतला पिंगळा. साडेचारनंतर पुन्हा मोकळ्यावर या. जून ते सप्टेंबर लोक कॅमेरा कपाटात ठेवतात, हे मला पटत नाही. ढगाळ उजेडात सावल्या कडक पडत नाहीत, पानं धुतलेली असतात आणि कीटकांचा हंगाम तोच असतो. लेन्सवर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड, पिशवीत कोरडा पंचा, एवढ्यावर भागतं. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा, मळकट रंगाचा शर्ट घाला. बुधवारी बाग बंद असते. मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड यांचं शुल्क आणि नियम फाटकावर विचारून घ्या. गर्दीच्या वाटेवर ट्रायपॉड उघडणं तसंही बरं नव्हे. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत गर्दी पिंजऱ्यांभोवती असते, पक्षी त्या गोंगाटाला सरावलेले असतात. तेव्हा तो दिवस सोडून द्यायचं कारण नाही.

घरट्यांबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन, घरट्याचा फोटो काढूच नका. शिंपी पक्ष्याचं घरटं सापडलं, मध्ये येणारं पान कुणी बाजूला केलं, फोटो मिळाला आणि तो निघून गेला, असं होतं. पण ते पान घरट्याला ऊन लागू देत नव्हतं आणि कावळ्याच्या नजरेपासून लपवत होतं. शहरात कावळे फार आणि ते माणसावर लक्ष ठेवून असतात. तुम्ही एखाद्या झुडपापाशी पुनःपुन्हा गेलात की तिथे काहीतरी आहे हे त्यांना कळतं. चुकून घरट्याजवळ आलात तर न थांबता पुढे चालत राहा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणंही तितकंच वाईट. विणीच्या काळात नर खरा प्रतिस्पर्धी आला असं समजून धावून येतो, आणि पिल्लांना भरवायचा वेळ स्पीकरशी भांडण्यात जातो. बिस्किटं, शेव, पाव टाकून खारी-साळुंक्या जवळ बोलावू नका. खाण्यासाठी आलेल्या प्राण्याच्या फोटोत खाणंच दिसतं.

हीच रीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये चालते, बंगळूरच्या लालबागेत चालते. सिंगापूरला राहणारे मराठी वाचक तिथल्या वनस्पती उद्यानात ती वापरून पाहू शकतील. झाडं बदलतील, त्यांच्यावर येणारी गिऱ्हाइकं बदलतील.

घरी आल्यावर फोटो निवडताना प्रत्येकाबरोबर तारीख, वेळ आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. पक्ष्यांच्या नोंदी इ-बर्ड या संकेतस्थळावर आणि बाकी सगळ्यांच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात. आयनॅचरलिस्टवर नाव माहीत नसलं तरी चालतं, जाणकार ओळख पटवून देतात. राणीच्या बागेतून नोंद करताना एक काळजी विशेष घ्यावी लागते. पिंजऱ्यातल्या प्राण्याचा फोटो टाकलात तर तो बंदिस्त असल्याची खूण जरूर करा. नाहीतर भायखळ्यात मोकळा फिरणारा परदेशी पक्षी नकाशावर उमटतो आणि तो खोडायला कुणाला तरी वेळ घालवावा लागतो. झाडाच्या नावाचा फायदा पुढच्या वर्षी कळेल. कुठला पांगारा कुठल्या आठवड्यात फुलला आणि कुठल्या वडावर धनेश आले, हे वहीत असलं की त्या आठवड्यात सुट्टी टाकून सरळ त्याच झाडापाशी जाता येतं.